काचेच्या खोलीतलं सुरत

दिवाळीच्या आधी दुकानाची पाटी बदलायला पोरगा शिडीवर चढला आणि वरूनच ओरडला, "पप्पा, याच्या मागं अजून एक आहे." फ्लेक्सच्या मागं फ्लेक्स, त्यामागं एका मोबाइल कंपनीनं फुकट लावून दिलेली लाल पाटी, तिच्यामागं दुसऱ्या कंपनीची निळी, आणि सगळ्यांत आत भिंतीला गंजून चिकटलेला पिवळा पत्रा. त्यावर काळ्या अक्षरांत : एसटीडी, आयएसडी, पीसीओ. म्हणजे पैसे मोजून बाहेरगावी-परदेशी फोन लावायची जागा. पोरानं विचारलं, काढू का? म्हटलं, राहू दे, भिंत सोबत येईल.

अंमळनेरला बस स्टँडपासून चार पावलांवर माझं दुकान आहे. नऊ बाय बारा. १९९३ साली वडिलांची मिल सुटली तेव्हा घरात जे काही आलं, त्यातून हे सुरू केलं. एका कोपऱ्यात प्लायवूड आणि काचेची खोली करून घेतली, एक माणूस उभा राहील एवढी. आत फोन, भिंतीला एक फळी, वर बोटभर पंखा. दार लावलं की दिवा लागायचा. बाहेर माझ्या टेबलावर मीटर, लाल आकडे पळवणारा, आणि बोलणं संपलं की टर्रर करून चिठ्ठी काढणारा प्रिंटर. सॅम पित्रोदांच्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेबद्दल तेव्हा मला काडीची माहिती नव्हती. आपल्या धुळीत, आपल्या उकाड्यात चालतील अशी छोटी टेलिफोन एक्स्चेंजं तिथं बनली म्हणून गावोगाव असे पिवळे पत्रे लागू शकले, हे फार नंतर वाचलं. मला एवढंच माहीत होतं, की लोकांना सुरतेशी बोलायचं आहे आणि घरात फोन नाही.

खान्देशाबाहेरच्या वाचकाला सुरतेचं सांगायला हवं. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस सुरतेला. ताप्ती लाइनची गाडी अंमळनेरहून निघते, नंदुरबार-नवापूर करत सुरतेला जाते, आणि तिच्या डब्यांतून पन्नास-साठ वर्षं आमची माणसं लूमवर, मार्केटात, हमालीला जात राहिली. उधना, लिंबायत या भागांत अहिराणी ऐकू येते ती अशी. त्यामुळं शून्य-दोन-सहा-एक हा कोड मला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. दिल्ली-मुंबई लावायला माणूस आला तर मी मान वर करून बघायचो. सुरतेला हात आपोआप जायचा.

रात्री उशिरा दर पावपट व्हायचा, तेव्हा खरी गर्दी. थंडीत घोंगडी पांघरून लोक बाकावर बसून राहायचे. काचेतून ऐकू येत नाही असा त्यांचा समज, आणि तो मी कधी मोडला नाही. पण ऐकू यायचंच, कारण सुरत लांब आहे म्हणून सगळे ओरडून बोलायचे. "आईकू येस का? मी बोली राह्यनू!" यातच एक पल्स, म्हणजे मीटरचा एक टप्पा, जायचा. बायका आत गेल्या की नजर मीटरवर, म्हणजे बोलणं नवऱ्याशी आणि डोळे आकड्यांशी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आणायला कोण येणार, कांद्याला काय भाव लागला, पैसे कुणाच्या हाती पाठवले, आणि मग आकडा ठरलेल्या रकमेजवळ आला की वाक्य अर्ध्यात तोडून, "बरं, ठेवस." तोडलेली वाक्यं मी हजारो ऐकली असतील. पुढं काय होतं ते कधीच कळलं नाही.

एक म्हातारे आबा मात्र मुंबई लावायचे. स्वच्छ धोतर, हातात घडी केलेला कागद. ते दलालाला भाव विचारायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : १९४५ साली अंमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाचा वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तीच पुढं विप्रो झाली, आणि गावातल्या कित्येक घरांत तिचे जुने शेअर लोखंडी पेटीत पडून होते. १९९९-२०००च्या सुमाराला भाव असा चढत होता की आबा रोज येऊ लागले. भाव ऐकून चेहरा हलायचा नाही. चिठ्ठीवरचे पैसे मात्र दोनदा मोजायचे. कॉम्प्युटरवाल्या कंपनीचा मालक, पण घरात फोन नाही. अंमळनेरला असं पुष्कळ बघायला मिळायचं.

मोबाइल आला तेव्हा मला भीती वाटली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. ३१ जुलै १९९५ला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, ते पेपरात वाचून मी हसलो होतो. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या फोनलाही पैसे! आलेल्या फोनला पैसे म्हणजे पाहुणा आला तर आपणच त्याचं तिकीट काढायचं. असलं आमच्याकडं कोण घेणार?

दर का उतरला, याचं उत्तर मला एका शेतकऱ्याला समजावताना सापडलं. सुरुवातीला कंपन्यांनी सरकारला मोठमोठी ठरलेली लायसन्स फी कबूल केली होती. म्हणजे खंडानं घेतलेलं शेत : पिको न पिको, खंड द्यायचाच. सगळ्या बुडायला आल्या. १९९९च्या नव्या दूरसंचार धोरणानं खंड काढून हिस्सा आणला, जेवढी कमाई त्यातला ठरलेला वाटा सरकारला. बटाईच म्हणा. बटाईनं शेत केलं की माणूस बांधसुद्धा पेरतो. कंपन्यांनी तेच केलं, शहरातला शेठ सोडून हमालापर्यंत उतरल्या. २००३च्या मे महिन्यापासून इनकमिंग फुकट झालं, आणि त्याच पावसाळ्यात एका कंपनीनं ५०१ रुपयांत हातात फोन दिला. २००४ संपायच्या आत देशात मोबाइल घरच्या फोनांपेक्षा जास्त झाले होते.

इनकमिंग फुकट झालं आणि मिस्ड कॉलची भाषा जन्माला आली. एक रिंग, पोहोचलो. दोन रिंग, स्टेशनवर घ्यायला या. तीन रिंग, तू लाव, माझ्याकडं बॅलन्स नाही. कोट्यवधी निरोप जात होते आणि कुठल्याच कंपनीला एक पैसा मिळत नव्हता. खान्देशी माणसाच्या काटकसरीला मिळालेलं एवढं मोठं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही.

१ मार्च २००६ला बीएसएनएलनं 'वन इंडिया' आणलं. देशात कुठंही एक रुपया मिनिट. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या बाकावर कुणी नव्हतं. लगेच ओस पडलं असं नाही, वर्षभर कसंबसं रेंगाळलं, पण मला त्या संध्याकाळीच कळलं. मी इतकी वर्षं फोन विकत नव्हतो, अंतर विकत होतो. अंतराचा भाव शून्य झाला की दुकानात उरतं काय?

उरलं रिचार्ज. तेव्हाच तर बाजार खरा फुगला. कार्ड घ्यायचं, नाण्यानं चांदी खरवडायची, चौदा-सोळा आकडे दाबायचे. म्हाताऱ्यांना ते जमायचं नाही, म्हणून मीच खरवडून द्यायचो, नखांत कायम राखाडी भुगा. मग दहा रुपयांचं छोटं रिचार्ज निघालं, ज्यात बोलायला सात-साडेसात रुपये मिळायचे आणि उरलेले कुठं गेले म्हणून शिव्या मी खायचो. शंभराला तीन-चार रुपये सुटायचे, पण दिवसाला दोनशे माणसं यायची. पीसीओत दिवसाला चाळीस यायची. दुकान गजबजलेलं, कंपन्या टी-शर्ट, छत्री, घड्याळ वाटतायत, आणि गल्ल्यात महिन्याअखेर पूर्वीपेक्षा कमीच. वाढ म्हणजे काय ते मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

आणि सिम! सुरतेमुळं आमच्याकडं सिमचा धंदा दुप्पट होता. सरकारनं देशाचे मोबाइलसाठी सर्कल पाडले ते राज्यांच्या हद्दीवर. महाराष्ट्र-गोवा एक, गुजरात दुसरं, मुंबई तर आपल्याच राज्यात असून वेगळी. आमची नाती मात्र रेल्वेच्या रुळावरून जातात. नवापूरच्या स्टेशनात अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. म्हणजे बाकाच्या एका टोकाला बसलात तर घरचे, दुसऱ्या टोकाला सरकलात तर रोमिंग. (रेंज फलाटावरची रेघ बघून चालत नाही हे मलाही कळतं, पण गाडीतली माणसं नवापूरला खरंच फोन उघडून सिम बदलायची.) बॅटरी काढ, एक सिम दातांत धर, दुसरं बसव. दातांतलं सिम गिळलेला एक जण मला माहीत आहे. पुढं चायना फोन दोन सिमचे आले आणि एका माणसाचे दोन ग्राहक कायमचे झाले.

म्हणून फोनधारकांचा आकडा ऐकला की मी मनातल्या मनात त्याला नवापुरावरून नेऊन आणतो. आज देशात मोबाइल कनेक्शन ११५ कोटींच्या पुढं आहेत. शहरांत दर शंभर माणसांमागं १३०हून जास्त फोन, खेड्यांत साठच्या आसपास. शहरातल्या १३०मध्ये माझ्या मेहुण्याचं सुरतचं सिम आहे. ते तो वापरत नाही, ओटीपी येतो म्हणून ठेवलंय. खेड्यातल्या साठमध्ये त्याचंच गावाकडचं सिम. आणि त्याच्या आईच्या नावावर काहीच नाही.

आता एक कबुली. २००५ साली ब्रॉडबँड आलं, तेव्हा २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणायचे. २०१३ला ती पट्टी ५१२वर गेली, २०२३ला दोन एमबीपीएसवर. या हिशेबानं मी ज्याच्या जिवावर पाच वर्षं घर चालवलं ते आजच्या व्याख्येत ब्रॉडबँडच नव्हे. माझ्या प्लॅनला महिन्याची एक जीबी होती, पण रात्री दोन ते सकाळी आठ मोजदाद नाही. मग काय, दोन वाजता गजर. उठायचं, डाउनलोडला लावायचं, झोपायचं. सकाळी दुकान उघडलं की कालचा माल तयार. दहा रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळेल! लग्नाची, पावरीची, अहिराणी गाणी, कीर्तनं, कॉमेडी. शिरपूर-चोपड्याकडची पोरं एसटीतून उतरली की आधी माझ्याकडं. कायद्यानं बघितलं तर चोरीच, आणि तिचं समर्थन करणार नाही. पण गावात इंटरनेट पोहोचलं नव्हतं तेव्हा ते नखाएवढ्या कार्डात बसून, एसटीच्या मागच्या सीटवरून, दहा रुपयांत गेलं, हेही खरं. फायबरवाले ज्याला शेवटचा टप्पा म्हणतात तो आमच्याकडं पायी चालत यायचा.

त्याच काळात सिमची चलती शिगेला होती. सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या, काहींची नावं धड उच्चारताही येत नव्हती. सेकंदाच्या हिशेबानं बिल, पैशाला सेकंद. २ फेब्रुवारी २०१२ला सुप्रीम कोर्टानं २००८ सालचे १२२ परवाने रद्द केले आणि माझ्या ड्रॉवरमधली काही पाकिटं रद्दी झाली. एका कंपनीचं साडेचार हजारांचं बॅलन्स माझ्या विक्रीच्या सिमवर तसंच राहिलं. तिचा सेल्समन पुढं मला जळगावला भेटला, विमा विकत होता. चहा त्यानं पाजला.

मग २०१६चा सप्टेंबर. जिओ. वर्ष संपेपर्यंत फुकट, मग अजून तीन महिने फुकट. दुकानासमोर रांग बोरी नदीच्या यात्रेसारखी. पूर्वी सिमला फोटो, झेरॉक्स, सही, आणि चालू व्हायला दोन दिवस. आता अंगठा टेकवला की काही मिनिटांत चालू. तो अंगठा आधारचा, आणि देशातलं पहिलं आधार कुठं दिलं होतं? आमच्या खान्देशात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१०ला. पंतप्रधान येऊन गेले होते. तो नंबर सहा वर्षांनी माझ्या काउंटरवर सिम चालू करायला उपयोगी पडेल, हे टेंभलीत त्या दिवशी किती जणांच्या डोक्यात होतं कोण जाणे. साडेपाच-पावणेसहा महिन्यांत जिओची दहा कोटी सिम गेली. दोन वर्षांनी, २०१८च्या सप्टेंबरात, कोर्टानं खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करायला मनाई केली, तोपर्यंत अंगठे टेकवून झाले होते.

एक जीबी २०१४च्या आसपास अडीचशे रुपयांच्या वर पडायची, ती दहा-बारा रुपयांवर आली. मेमरी कार्डाचा धंदा एका महिन्यात मेला. गजर बंद केला. आज देशात मोबाइलवर नेट वापरणारा माणूस महिन्याला सरासरी वीस जीबीच्या वर वापरतो. माझ्या काळात, २५६च्या वेगानं, ती वीस जीबी भरून द्यायला मला जवळजवळ महिनाभर रात्री जागावं लागलं असतं. एक मात्र छान झालं. जी अहिराणी गाणी मी चोरून विकायचो, ती म्हणणारी पोरं आता स्वतःच यूट्यूबवर टाकतात. त्यातल्या एकानं माझ्याकडूनच कधी काळी कार्ड भरून नेलं होतं. पैसे उधार होते, अजून आहेत.

फोनमुळं मधला माणूस जातो असं म्हणतात. माझ्यापुरतं ते खरं आहे. मीच तो मधला माणूस. पण माझा साडू रावेरकडं केळी लावतो. पूर्वी बोर्डाचा भाव, म्हणजे केळीचा त्या दिवसाचा जाहीर भाव, कळायला दुपार व्हायची, व्यापारी सांगेल ती पूर्व दिशा. आता सकाळच्या चहाला व्हॉट्सअॅपवर नवती (नव्या लागवडीची), पिलबाग (खोडव्याची), वापसी (नाकारलेली) अशा सगळ्या केळीचे भाव येतात. व्यापारी मळ्यात येतो, त्याच्याही फोनमध्ये तोच मेसेज, आणि तरी बोर्डापेक्षा कमीनं तोडतो. साडू म्हणतो, "पूर्वी लुटला जायचो ते संध्याकाळी कळायचं, आता आधीच कळतं." माल झाडावर पिकत थांबत नाही, आणि ट्रक व्यापाऱ्याचा आहे. नेटवर्कनं तिथला मधला हलला नाही.

आणि सातपुड्यात तर मधला डोंगरच आहे. माझा भाचा मोलगीच्या वरच्या अंगाला शिक्षक आहे. करोनात शाळा ऑनलाइन करा असा आदेश निघाला, तेव्हा तो रोज टेकडी चढून एका दगडावर बसायचा. तिथं दोन काड्या यायच्या. आदेश डाउनलोड करायचा, आणि खाली उतरून पोरांना अंगणात बसवून शिकवायचा. मला म्हणायचा, "मामा, माझी शाळा ऑफलाइन, हजेरी ऑनलाइन." खेड्यांसाठी दूरसंचाराचा वेगळा निधी २००२पासून आहे. ग्रामपंचायतींना फायबर द्यायची योजना २०११ला मंजूर झाली, पुढं तिचं भारतनेट झालं. राहिलेल्या २४,६८० गावांना फोरजी द्यायला २०२२च्या जुलैत २६,३१६ कोटी मंजूर झाले. आकडे मोठे आहेत आणि कामही होतं आहे, त्याच्या गावाकडच्या टेकडीवर आता टॉवर उभा आहे. पण वीज गेली की जनरेटरला डिझेल नाही, म्हणून दगड अजून सोडलेला नाही. घरून निघताना तो आईला मिस्ड कॉल देत नाही, सरळ सांगतो, "दगडावर गेलो की लावतो."

सध्या कंपन्या उरल्या तीन, आणि चौथी सरकारी. दर २०१९, २०२१ आणि २०२४ला वाढले. 'लाइफटाइम' म्हणून ९९९ रुपयांना मी जी सिम विकली होती, त्यांना २०१८च्या अखेरीपासून दर महिन्याला काहीतरी भरल्याशिवाय जीव राहिना. लोक माझ्याकडं भांडायला आले. "भाऊ, तूच सांगितलं होतं ना, जन्मभर?" सांगितलं होतं. कुणाचा जन्म ते विचारायचं राहिलं. आता बहुतेकांचं रिचार्ज पोरं सुरतेहून फोनवरून करतात. माझ्याकडं येतात ते झेरॉक्सला, पीकविम्याच्या फॉर्मला, आणि अंगठा लावून पाचशे-हजार काढायला.

राहता राहिली ती काचेची खोली. मधे बरीच वर्षं तिच्यात झाडू आणि जुने कॅलेंडर होते. तीन वर्षांपूर्वी गावातला केबलवाला आला. घरोघर फायबर टाकतोय, म्हणाला, तुमच्या कोपऱ्यातली ती खोली द्या, पेटी बसवायची आहे, महिना आठशे देतो. देशभरात ब्रॉडबँडची ९४ कोटींहून जास्त कनेक्शनं आहेत, त्यात तारेची जेमतेम चार-साडेचार कोटी. तेव्हा याला वाढायला भरपूर वाव आहे, असं त्यानं मला पटवलं. खरं तर आठशेनंच पटलं. एकेकाळी देशात घरचे फोन पाच कोटी होते, उतरत दोन कोटींवर आले, आणि आता याच फायबरच्या पाठीवर बसून पुन्हा चढतायत. माझ्या खोलीचंही तसंच झालं म्हणायचं.

पेटीत हिरवे दिवे लुकलुकतात. आठ पिवळ्या वायरी छताच्या भोकातून वर जातात, तिथून विजेच्या खांबांवर, तिथून तीन गल्ल्यांत. गटारीसाठी जेसीबी आला की त्यातली एखादी तुटतेच. दार बंद ठेवावं लागतं, धूळ जाते म्हणून. आणि गंमत बघा, दार लावलं की आतला दिवा अजून लागतो. ते वायरिंग मी कधी काढलंच नव्हतं.

काल रात्री साडेनऊला लाइट गेली. मी जेवायला बसलो होतो, कळण्याची भाकरी अर्धी ताटात. फोन वाजला. "भाऊ, नेट गयं ना!" ठेवला तोच दुसरा. तिसरा एका मावशीचा, तिची पोरगी लिंबायतला असते आणि रोज जेवताना व्हिडिओवर नातू दाखवते. "अरे, तो बोली राह्यना व्हता, मधमाच बंद पडी गया. काय सांगे ते आईकूच नही ऊनं." पाच मिनिटांत चालू करतो म्हटलं, हात धुतला, चप्पल घातली आणि किल्ली घेऊन दुकानाकडं निघालो. इन्व्हर्टरचं बटण काचेच्या खोलीत आहे, फोन ठेवायची फळी होती ना, तिच्या खाली.